आरसीसीबी फक्त पावसाळ्यात पडतो : जांभ्याचं घर, नवीन वायरिंग, ४५ ओहमचं अर्थिंग

पडवी_अंगण (प्रश्न)

रत्नागिरी जिल्ह्यातलं जुनं जांभ्याचं घर, मागे दोन खोल्या आणि न्हाणीघर नव्याने वाढवलेलं. एप्रिलमध्ये वायरिंग झालं. सिंगल फेज आहे. खांबापासून घरापर्यंत साधारण ३५ मीटर, ४ स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियम सर्व्हिस वायर. मीटरनंतर २५ अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, मग ४० अँपिअर ३० मिलिअँपिअरचा एकच आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच, त्याखाली आठ सिंगल पोल एमसीबी. लोड असा: २ किलोवॅटचा गीझर, फ्रिज, घरापासून ४० मीटरवर विहिरीत १ एचपीचा सबमर्सिबल पंप, दिवे-पंख्यांसाठी इन्व्हर्टर.

मे महिन्यात आरसीसीबी जेमतेम दोन-तीनदा पडला. जुलैपासून मात्र रोज. सकाळी गीझर लावला की पडतो. संध्याकाळी सात-साडेसातला काहीच नवीन लावलेलं नसताना पडतो आणि रात्री अकरापर्यंत वर राहत नाही. गीझरचा एलिमेंट बदलून झाला, फरक नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी घातलं, त्यानंतर त्रास उलट वाढला. अर्थ टेस्टरने मेमध्ये १६० ओहम आले होते, आता ऑगस्टमध्ये ४५ येतात.

वायरमन म्हणतात, भिंतीला ओल आहे, कोकणात ३० मिलिअँपिअर चालत नाही, १०० चा बसवू किंवा काढूनच टाकू. गणपतीला घर भरलेलं असणार, तेव्हा त्याआधी निकाल लावायचा आहे.

आणखी एक. माजघर आणि जुन्या पडवीच्या एका कोपऱ्यात लाकडी पट्टीवरचं जुनं दोन तारांचं वायरिंग तसंच ठेवलंय. तिथे अर्थची तार नाही, म्हणून फ्रिजच्या तीन पिन सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिली आहे. हे चालतं का?

---

तीन_पिन

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो आजच्या आज मिटवायचा आहे. फ्रिजच्या सॉकेटमधली ती जोडणी काढा. दुरुस्ती होईपर्यंत फ्रिज नव्या खोलीतल्या अर्थ असलेल्या सॉकेटवर लावा.

कारण बघा. त्या जोडणीमुळे फ्रिजचा पत्रा न्यूट्रलला बांधलेला आहे. न्यूट्रल सलग आहे तोवर काही कळत नाही. पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रलचा जोड ढिला झाला, सॉकेटचा स्क्रू सुटला किंवा वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली, की फेज फ्रिजच्या आतल्या मोटरमधून न्यूट्रलच्या पिनपर्यंत येतो आणि तिथून थेट पत्र्यावर. फ्रिजमध्ये काहीही बिघडलेलं नसताना दाराला २३० व्होल्ट.

दुसरा तोटाही तितकाच वाईट. फ्रिजच्या आत फेज पत्र्याला लागला तर तो करंट न्यूट्रलमधूनच परत जातो. आरसीसीबी मोजतो तो गेलेला आणि परत आलेला करंट यांतला फरक. इथे फरक शून्य, म्हणजे त्या बिघाडापुरता आरसीसीबी आंधळा.

माजघरातली पट्टी हात न लावता तशीच ठेवायची असेल तर निदान एक हिरवी २.५ स्क्वेअरची तार वेगळ्या पीव्हीसी पाइपातून डीबीपर्यंत (एमसीबी-आरसीसीबींच्या पेटीपर्यंत) आणा. दोन तारांचं सॉकेट हवं असेल तर दोन पिनचंच बसवा. तीन भोकं दिसली की माणूस अर्थ आहे असं धरून चालतो.

आता १०० मिलिअँपिअरबद्दल. माणसाच्या जिवाच्या रक्षणासाठी ३० हाच आकडा आहे. १०० चा मुख्य उपयोग आग टाळण्यासाठी, आणि त्याची जागा ३० वाल्यांच्या वर, मीटरच्या बाजूला. तिथेही तो वेळ घेऊन पडणारा, ‘एस’ खुणेचा घ्यायचा, नाहीतर दोन्ही एकदम पडतात. ३० च्या जागी १०० बसवणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणं.

---

मेगर५००

तुम्ही दिलेल्या लक्षणांत एक गोष्ट फार बोलकी आहे: नवीन काही न लावता संध्याकाळी ठराविक वेळेला पडणं. भिंतीची ओल घड्याळ बघून येत नाही. त्यामुळे एलिमेंट, पंप, फ्रिज असं एकेक बदलत बसू नका. आधी हे करा. परवानाधारक वायरमन बरोबर असू द्या, डीबीचं झाकण उघडायचं आहे.

पहिली चाचणी: आठही एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी साडेसातला. सगळे एमसीबी बंद असूनही संध्याकाळी पडला तर फेजकडची गळती नाही, हे जवळपास नक्की. तुमचे एमसीबी सिंगल पोल आहेत. ते फक्त फेज तोडतात. आठही सर्किटच्या काळ्या (न्यूट्रल) तारा न्यूट्रल लिंकवर, म्हणजे त्या सगळ्या एकत्र येतात त्या पट्टीवर, तशाच जोडलेल्या राहतात. त्यांपैकी एखादी कुठेतरी अर्थला टेकली असेल तर एमसीबी बंद करून ती सापडणारच नाही. बरेच लोक इथेच फसतात: एकेक एमसीबी खाली करून बघतात, तरी पडतो, आणि मग ‘आरसीसीबीच खराब’ असा निकाल देतात.

दुसरी चाचणी: आरसीसीबी खाली ठेवून त्याच्या वरच्या न्यूट्रल टर्मिनलपासून अर्थच्या पट्टीपर्यंत एसी व्होल्टेज मोजा. दुपारी आणि संध्याकाळी. आरसीसीबी वर असताना मोजू नका. घरात न्यूट्रल-अर्थ टेकलेले असतील तर मीटर शून्याच्या आसपास दाखवेल आणि चुकीचं समाधान मिळेल.

तिसरी: मेन डबल पोल एमसीबी बंद. टेस्टरने नव्हे, मीटरने खात्री करा की डीबीत कुठेही व्होल्टेज नाही. इन्व्हर्टरही बंद करा आणि त्याच्या आउटपुटच्या तारा सोडवा. हे विसरलं तर बॅटरीवरून करंट उलटा येतो. आता लिंकवरच्या काळ्या तारा एकेक सोडवा, प्रत्येकीला चिकटपट्टी लावून सर्किटचं नाव लिहा. मग ५०० व्होल्ट डीसी मेगर (तारेच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) प्रत्येक काळ्या तारेपासून अर्थपर्यंत लावा. उपकरणांचे प्लग काढलेले असू द्या. एक मेगाओहमच्या खाली काहीही आलं तर ते सर्किट संशयित. साध्या मल्टिमीटरचा ओहम इथे पुरत नाही. तो दोन-चार व्होल्टवर मोजतो, त्यात ओली जागा कोरडी दिसते.

मेगर मिळाला नाही तरी काम होतं: सगळ्या काळ्या सोडवलेल्या ठेवून संध्याकाळी आरसीसीबी वर करा, राहिला तर मेन बंद करून एक काळी जोडा, पुन्हा चालू. ज्या तारेवर पडेल ती तार.

अंदाजासाठी आकडा डोक्यात ठेवा. ३० चा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या मध्ये कुठेही पडू शकतो, तो मानकाप्रमाणेच आहे. फेजकडून १५ मिलिअँपिअर गळायला रोध सुमारे १५ किलोओहमपर्यंत खाली यावा लागतो. नुसत्या ओलसर भिंतीतल्या चांगल्या पीव्हीसी वायरीत तेवढं होत नाही. कुठेतरी उघडं तांबं हवं.

---

पडवी_अंगण

आकडे घेतले.

सगळे एमसीबी बंद: दुपारी दोनला राहिला. संध्याकाळी ७.२० ला वर केला, लगेच पडला.

वरच्या न्यूट्रलपासून अर्थपर्यंत: दुपारी ०.६ व्होल्ट, संध्याकाळी ४.१ व्होल्ट.

मेगर: सहा सर्किट १०० मेगाओहमच्या वर. पंपाचं ०.४ मेगाओहम, केबल आणि मोटर धरून. ‘नवी पडवी व अंगण’ सर्किटची काळी तार ते अर्थ: ०.०० मेगाओहम. ही काळी सोडवून ठेवली तर संध्याकाळीही आरसीसीबी राहतो, गीझर लावूनसुद्धा.

म्हणजे गीझरचा काही संबंध नव्हता? आणि मग फक्त पावसाळ्यातच का?

---

मेगर५००

गीझर निर्दोष होता. हिशेब मांडतो, म्हणजे पावसाळ्याचं कोडंही सुटेल.

पडवीच्या सर्किटमध्ये काळी तार अर्थला टेकलेली आहे. त्यामुळे न्यूट्रलला परत जायला दोन वाटा मिळाल्या: एक सर्व्हिस वायरमधून खांबाकडे, दुसरी तुमच्या अर्थच्या पाइपातून जमिनीत. दुसऱ्या वाटेने जितका करंट जाईल तितका फरक आरसीसीबीला दिसतो.

दुपारी न्यूट्रलवर ०.६ व्होल्ट. भागिले ४५ ओहम, १३ मिलिअँपिअर. पंधराच्या खाली, म्हणून राहतो. संध्याकाळी वाडीतल्या सगळ्या घरांचे दिवे-टीव्ही-पंप चालू होतात, सामायिक न्यूट्रलमधला करंट वाढतो, तिचं व्होल्टेज ४.१ होतं. भागिले ४५, ९१ मिलिअँपिअर. तुमच्या घरात एकही दिवा न लावता पडणार.

आता गीझर. २ किलोवॅट म्हणजे ८.७ अँपिअर. ३५ मीटर ४ स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियमच्या एका तारेचा रोध साधारण पाव ओहम. म्हणजे तुमच्याच सर्व्हिसच्या न्यूट्रलवर सव्वादोन व्होल्टची भर पडते. दुपारचे ०.६ धरून २.८ व्होल्ट, भागिले ४५, ६२ मिलिअँपिअर. गीझरच्या जागी इस्त्री आणि इंडक्शन मिळून तेवढाच करंट ओढला असता तरी पडला असता. आळ मात्र पाण्याच्या उपकरणावर येतो.

मे महिन्यात पाइपाचा रोध १६० ओहम होता. तेच ४.१ व्होल्ट भागिले १६०, २६ मिलिअँपिअर. गीझरचे २.८ भागिले १६०, साडेसतरा. दोन्ही अगदी काठावर, म्हणून क्वचित पडायचा. बिघाड एप्रिलपासून तोच आहे. पाऊस पडला, जमीन भिजली, अर्थिंग सुधारलं, आणि लपलेला बिघाड उघडा पडला. मीठ-पाणी घातल्यावर त्रास वाढला तोही त्यामुळेच.

आता पडवीचं सर्किट. वायर बदलायची घाई नको. त्या सर्किटवरचे सगळे बोर्ड उघडा आणि अर्धं करत शोधा: मधल्या बोर्डवर काळ्या तारांचा जोड सोडवा, दोन्हीकडे मेगर लावा, ज्या बाजूला शून्य त्या बाजूचा पुन्हा मधला बोर्ड. पाच-सहा बोर्ड असतील तर तीन वेळा सोडवून जागा मिळते. शून्य शून्य शून्य येतंय याचा अर्थ ओल नाही, तांब्याला लोखंड टेकलंय. लोखंडी बॉक्स असतील तर पहिला संशय प्लेटच्या स्क्रूवर. पाऊण इंचाच्या जागी दीड इंची स्क्रू बसवला की तो मागे दडपलेल्या वायरींच्या गुंडाळीत शिरतो, काळीचं कातडं सोलतो, आणि स्क्रू बॉक्सला, बॉक्स अर्थला. फेजला लागला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. न्यूट्रलला लागतो तेव्हा महिनोन्‌महिने कळत नाही.

पंपाचं ०.४ मेगाओहम आज आरसीसीबी पाडणार नाही, गळती जेमतेम अर्धा मिलिअँपिअर आहे. पण तो आकडा एक मेगाओहमच्या खाली आहे. वर काढून पाण्यातला केबलचा जोड आधी बघा. जोड सोडवून केबल आणि मोटर वेगवेगळी मेगर करा. बहुतेकदा मोटर ठीक असते, साध्या काळ्या चिकटपट्टीने केलेला जोड पाणी पितो. सबमर्सिबलचा जोड रेझिनच्या किटने किंवा आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक स्लीव्हने करायचा.

---

माडाचं_आळं

अर्थिंगवर लिहितो, कारण ‘५ ओहम आलेच पाहिजेत’ या हट्टापायी आपल्याकडे खूप पैसा जमिनीत जातो आणि ‘अर्थिंग उत्तम आहे, आरसीसीबी कशाला’ या समजापायी जीव जातो.

४५ ओहमचं अर्थिंग आणि १६ अँपिअरचा एमसीबी. गीझरमध्ये फेज पत्र्याला लागला तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले ४५, म्हणजे ५ अँपिअर. १६ चा एमसीबी ५ अँपिअरला हलणारसुद्धा नाही. बी प्रकारचा असला तरी क्षणात पडायला ८० अँपिअर लागतात, सी प्रकाराला १६०. ८० अँपिअर मिळायला सगळ्या वाटेचा रोध तीन ओहमच्या आत हवा. खांबावरून दोनच तारा आलेल्या घरात स्वतःच्या एका पाइपावर ते होत नाही. मग होतं काय? गीझरचा पत्रा आणि त्याच्यासोबत घरातली प्रत्येक अर्थ पिन दोनशेहून जास्त व्होल्टवर उभी राहते, आणि एक किलोवॅटच्या वर वीज जमिनीत जात राहते.

आरसीसीबीच्या दृष्टीने तेच ४५ ओहम भरपूर आहेत. ३० मिलिअँपिअर गुणिले ४५, १.३५ व्होल्ट. पत्र्यावर धोका निर्माण व्हायच्या आधीच तो पडतो. मेमधले १६० ओहमही चालतात, ४.८ व्होल्ट होतात. कागदावर ५० व्होल्टची मर्यादा धरली तर १६०० ओहमपर्यंत जाता येतं, पण तितक्या वर जाऊ नका, उन्हाळ्यात सुकलेल्या जमिनीचा भरवसा नसतो. उन्हाळ्यात १०० च्या आत हे लक्ष्य ठेवा. थोडक्यात, कोकणातल्या घराला आरसीसीबी हाच मुख्य रक्षक आहे.

जांभ्यात अर्थिंग का येत नाही? जांभा सच्छिद्र. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडला तरी पाणी खाली निघून जातं, डिसेंबरनंतर वरचा थर कोरडा ठणठणीत. ओल टिकते ती जांभ्याखालच्या शेडीत, म्हणजे मऊ चिकण मातीच्या थरात. तुमची विहीर खणताना शेडी किती हातांवर लागली ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा, तेवढं खाली जाता आलं तर पाइप तिथे न्या. नाहीतर जिथे बारमाही ओल असते ती जागा धरा: न्हाणीचं पाणी जिथे सोडलंय ते माडाचं किंवा केळीचं आळं. पायापासून दीड मीटर तरी लांब.

पाइप ४० मिलिमीटर जीआय (जस्त चढवलेलं लोखंड), किमान अडीच मीटर. आतापेक्षा निम्मा रोध हवा असेल तर दुसरा पाइप लावा, पण पहिल्यापासून ५ मीटरवर, म्हणजे लांबीच्या दुप्पट. हातभर अंतरावर लावलेले दोन पाइप जवळपास एकासारखेच वागतात. पाइप जाड घेऊन काही हाती लागत नाही, लांबी वाढवा: १०० ओहम-मीटरच्या मातीत अडीच मीटरचा पाइप साधारण ३३ ओहम देतो, पाच मीटरचा १९.

मीठ नको. पहिल्या पावसात वाहून जातं आणि जाण्याआधी जीआयला गंजवतं. भोक १०० ते १५० मिलिमीटरचं पाडून पाइपाभोवती बेंटोनाइट या चिकण मातीची चिखलासारखी लापशी भरा. ती ओल धरून ठेवते आणि फुगून जांभ्याच्या भोकांत बसते.

मोजायचं अर्थ टेस्टरने, घरची अर्थ तार पाइपापासून सोडवून. करंटची खुंटी ३० मीटरवर, व्होल्टेजची १८ ते १९ मीटरवर, एका रेषेत. मग व्होल्टेजची खुंटी तीन मीटर पुढे आणि तीन मीटर मागे करून पुन्हा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच खरं. १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून ‘लख्ख लागला, अर्थिंग फर्स्टक्लास’ असं ठरवू नका. त्या बल्बचा स्वतःचा रोध पाचशे ओहमच्या वर असतो, ४५ ओहमचं अर्थिंग त्याच्या वाट्याचे १८ व्होल्ट खातं. ते डोळ्यांना कळतही नाही.

---

पडवी_अंगण

सापडलं. अंगणाच्या दिव्याचा बोर्ड, पडवीच्या पश्चिमेच्या भिंतीत. लोखंडी बॉक्स तळाला गंजलेला, खालच्या उजव्या स्क्रूचं टोक काळ्या वायरीत रुतलेलं, बाजूला हिरवट पूड. वायर कापून नवीन जोड दिला, छोटा स्क्रू बसवला. आता त्या काळीचा मेगर २०० च्या वर. तीन संध्याकाळी झाल्या, आरसीसीबी पडलेला नाही.

आता दोन प्रश्न. डीबी एकाच आरसीसीबीवर ठेवू की वाटू? आणि इन्व्हर्टरचं काय? डीबीत बघितलं तर इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचे न्यूट्रल इतर सगळ्यांसोबत एकाच लिंकवर आहेत.

---

मेगर५००

हिरवट पूड म्हणजे तांबं पाण्यात राहिलंय, त्या बॉक्समध्ये पाणी येतं. स्क्रू बदलून निम्मंच काम झालं. पश्चिमेची भिंत झडीची. उघड्या जांभ्यात खाच पाडून बसवलेला बॉक्स पागोळ्यांचं पाणी पितो. त्या भिंतीवरून बोर्ड हलवता आला तर आतल्या बाजूला हलवा. नाही जमलं तर पीव्हीसीचा बाहेरून बसणारा आयपी ५५ (धूळ-पाणी रोखणारा) बॉक्स, पाइप खालून आत घेतलेला, आणि पाइपाला आधी खाली वळसा देऊन मग वर, म्हणजे पाइपावरून येणारं पाणी वळशाला ठिबकून जाईल. भोकं सिलिकॉनने बंद करा. पाण्याइतक्याच मुंग्याही या बॉक्सांत घर करतात, त्यांची माती ओल धरते.

---

तीन_पिन

वाटा. सगळं घर एका आरसीसीबीवर असलं की अंगणातल्या एका ओल्या होल्डरपायी न्हाणीत माणूस असताना अंधार होतो. घर चार महिने बंद ठेवून मुंबईला जाणाऱ्यांचा फ्रिजही त्यात जातो.

तुमच्या घराला असं बसेल: फ्रिजला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत), पंप आणि अंगण यांना दुसरा, गीझरला तिसरा, बाकी सॉकेटना एक आरसीसीबी, इन्व्हर्टरच्या आउटपुटला एक आरसीसीबी. सगळे ३० मिलिअँपिअर. ‘ए’ प्रकारचे घ्या. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी, इंडक्शन यांच्या गळतीत डीसीचा अंश असतो, ‘एसी’ प्रकारचा त्यावर मंदावतो. सर्वांत वर, मेन एमसीबीनंतर १०० चा ‘एस’ प्रकार हवा असेल तर आता त्याची जागा आहे.

पण वाटणी करताना एकच नियम मोडला तर पुन्हा पडापड सुरू: प्रत्येक आरसीसीबीला स्वतःची न्यूट्रल लिंक. एका आरसीसीबीतून निघालेला फेज दुसऱ्याच्या लिंकवर परत आला की दोन्ही पडतात. जिन्याचा टू-वे दिवा आणि एकमेकांना लागून असलेले बोर्ड इथे हमखास गोंधळ असतो, जवळची म्हणून दुसऱ्या सर्किटची काळी उचललेली असते.

इन्व्हर्टरचंही तेच. इन्व्हर्टरला मेनमधून एक सर्किट द्या. त्याच्या आउटपुटचे फेज-न्यूट्रल दोन्ही वेगळ्या छोट्या डीबीत न्या, तिथे दोन पोलचा आरसीसीबी, त्याची लिंक, आणि फक्त त्यावरच्या दिव्या-पंख्यांच्या काळ्या. आत्ताच्या एकाच लिंकवर एक आरसीसीबी असल्यामुळे हे खपून गेलं. वाटणी केल्याच्या दिवशी पडलं असतं.

बॅटरीवर असताना तो आरसीसीबी काम करेल का, हे इन्व्हर्टरच्या आतल्या जोडणीवर आहे. इन्व्हर्टर पूर्ण सोडवून त्याच्या इनपुट न्यूट्रल ते आउटपुट न्यूट्रल मल्टिमीटरची बीप बघा. वाजली तर न्यूट्रल सरळ पार जातो आणि लाईट गेल्यावरही खांबाकडच्या अर्थशी नातं राहतं, आरसीसीबी काम करतो. वाजली नाही तर कंपनीचं जोडणीचं चित्र बघूनच पुढे जा. स्वतःच्या डोक्याने न्यूट्रल अर्थला जोडू नका, त्याचं फळ वर पाहिलंच आहे.

वायरींचं थोडक्यात: दिव्यांना १.५ स्क्वेअर आणि ६ किंवा १० चा एमसीबी, ६ अँपिअरच्या सॉकेटना २.५ आणि १०, गीझरला ४ आणि १६, सोबत न्हाणीबाहेर डबल पोल स्विच. पंपाला ४० मीटरसाठी ४ स्क्वेअर. २.५ मध्ये ७ अँपिअरला ५ व्होल्ट जातात, ४ मध्ये ३. गावच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, तिथे ते दोन व्होल्ट मोटरला हवेच असतात. अर्थची तार फेजच्याच जाडीची, आणि ती कुठेही स्विचमधून जाणार नाही.

---

माडाचं_आळं

वळवाच्या विजांसाठी एक भर. टाइप २ सर्ज अरेस्टर (विजेमुळे तारेवर येणारा जादा व्होल्टेजचा झटका अडवणारं उपकरण) बसवणार असाल तर तो आरसीसीबीच्या आधी हवा. आणि तुमच्यासारख्या स्वतःच्या अर्थवर चालणाऱ्या घराला ‘१+१’ रचनेचा: फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर (व्होल्टेज वाढलं की रोध कमी होणारा भाग), न्यूट्रल-अर्थमध्ये स्पार्क गॅप (झटका आल्यावरच ठिणगीने जोडली जाणारी फट). साधा, दोन्हीकडे व्हॅरिस्टरवाला म्हातारा झाला की न्यूट्रलमधून अर्थकडे गळू लागतो, आणि तो आरसीसीबीच्या आधी असल्यामुळे कुणाला कळतही नाही. त्याच्या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा.

---

पडवी_अंगण

समजलं. गणपतीच्या रोषणाईला अंगणाच्या सर्किटवरच आरसीबीओ येतोय, ते पुरेल ना? आणि टेस्टचं बटण दाबलं की पडतो, म्हणजे अर्थिंगही ठीक आहे असं धरायचं का?

---

तीन_पिन

रोषणाई त्या आरसीबीओवरच लावा. माळांचे जोड जमिनीवर किंवा केळीच्या खांबाला बांधून ठेवू नका, पडवीच्या आत उंचावर घ्या. घरातल्या इतर सॉकेटवरून तार ओढून मखराला देऊ नका.

बटण अर्थिंग तपासत नाही. ते आतल्याच एका रोधातून थोडा करंट आडवाटेने पाठवतं, अर्थची तार तुटलेली असली तरी बटणावर तो पडतो. बटणाने फक्त आतली यांत्रिक कळ मोकळी आहे हे कळतं. खाऱ्या दमट हवेत ती जाम होते, म्हणून महिन्यातून एकदा दाबा, आणि घर उघडल्याच्या दिवशी आधी तेच. अर्थची तार प्रत्येक सॉकेटपर्यंत पोचलीय का, ते मेन बंद करून सॉकेटची जाड पिन ते डीबीची पट्टी अशी लांब तारेने बीप घेऊन बघा. माजघरापासून सुरुवात करा.